आठांपैकी एक

मुलांनो, दिल्लीची सहल करून आलेल्या तुमच्या एखाद्या मित्राला विचारून पाहा, "काय काय पाहिलंस रे?" तो धडाधड यादी म्हणून दाखवेल. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, इंडिया गेट! मग हळूच विचारा, "इंडिया गेटवर काय लिहिलंय?" तो जरा थांबेल. "काहीतरी नावं आहेत बहुतेक," असं म्हणेल आणि लगेच तिथे खाल्लेल्या कुल्फीचं वर्णन सुरू करेल.

सहलीत असंच होतं. ठिकाणं खूप आणि वेळ थोडा. आपण वास्तू पाहतो, तिची उंची विचारतो, फोटो काढतो नि पुढच्या ठिकाणाकडे पळतो. गाइडही तेच सांगतात. किती फूट उंच, कुठल्या साली बांधली, दगड कुठून आणला. किल्ल्याच्या किंवा राजवाड्याच्या बाबतीत हे ठीकच आहे. पण युद्धस्मारक ही वास्तू जरा निराळी. किल्ला रक्षणासाठी बांधतात, राजवाडा राहण्यासाठी, देऊळ पूजेसाठी. स्मारक मात्र एकाच कामासाठी उभारलेलं असतं. कुणाला तरी विसरू नये म्हणून. तेव्हा तिथे उंचीच्या आधी दुसराच प्रश्न विचारायला हवा. इथे आठवण कुणाची ठेवली आहे? आणि ती कशी ठेवली आहे?

हा प्रश्न आमच्या घरात आला तो मुलांच्या आजीमुळे, म्हणजे माझ्या सासूबाईंमुळे. एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाचजण पानिपत आणि दिल्ली पाहायला निघालो. मुलगी नववीत, मुलगा सातवीत, त्यांचे बाबा, मी आणि पंचाहत्तरी ओलांडलेली आजी. साताऱ्याजवळच्या एका लहानशा गावात आजीचं माहेर आहे. तिथे भाऊबीज उरकायची आणि साताऱ्याहूनच गोवा एक्स्प्रेसनं दिल्लीला जायचं, असा बेत होता. त्यामुळे आमची सहल सुरू झाली ती त्या गावातूनच.

खालून वर वाचायची गोष्ट

गावाबाहेर मारुतीचं देऊळ आहे. देवळामागच्या पिंपळाखाली तीन उभे दगड एकमेकांना टेकून ठेवलेले आहेत. गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंचीचे. वर शेंदराचे ओघळ. आमचे चिरंजीव त्यातल्या एकावर पाय देऊन पिंपळावर चढायच्या बेतात होते. तेवढ्यात आजीचा आवाज आला, "अरे, खाली उतर. तो माणूस आहे."

मुलगा टुणकन मागे सरला! दगड कसा माणूस असेल?

तुमच्याही गावात असे दगड असतील. त्यांना 'वीरगळ' म्हणतात. लढाईत, गावाचं रक्षण करताना किंवा चोरांनी पळवलेली गुरं सोडवताना जो मारला गेला, त्याच्या आठवणीसाठी गावानं उभा केलेला हा दगड. महाराष्ट्रात असे शेकडो वीरगळ आहेत. शिलाहार आणि यादव राजांच्या काळातले, म्हणजे सातशे-आठशे वर्षांपूर्वीचे आणि त्याहूनही जुने.

वीरगळ वाचायची एक गंमत आहे बरं का. चित्रकथा आपण वरून खाली वाचतो, वीरगळ खालून वर वाचायचा. दगडाचे साधारण तीन-चार कप्पे पाडलेले असतात. सगळ्यात खालच्या कप्प्यात लढाई असते. ढाल-तलवार घेतलेला वीर, समोर शत्रू, कधी कधी बाजूला गाई. त्याच्यावरच्या कप्प्यात अप्सरा त्या वीराला स्वर्गात घेऊन चालल्या आहेत. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. आणि अगदी माथ्यावर चंद्र आणि सूर्य. चंद्र-सूर्य आहेत तोवर याची आठवण राहील, असा त्याचा अर्थ. शेजारी बांगड्या भरलेला, कोपरात वाकवलेला हात कोरलेला दगड दिसला तर ती सतीशिळा समजायची.

मुंबईच्या मुलांना वाटेल, आमच्याकडे कुठले वीरगळ? तर बोरिवलीजवळच्या एक्सर गावात जाऊन या. तिथल्या वीरगळांवर चक्क आरमारी लढाई आहे. वल्ही मारणारे खलाशी, एकामागून एक निघालेली गलबतं, सगळं दगडात कोरलेलं. इमारतींच्या गर्दीत ते आजही उभे आहेत.

तर आमच्या मुलीनं वाकून, हातानं धूळ पुसून तिन्ही दगड नीट पाहिले आणि विचारलं, "आजी, पण यांची नावं काय?"

नावं नव्हती. काही वीरगळांवर लेख असतो, पण बहुतेकांवर एक अक्षरही नसतं. कोरणाऱ्याला त्याची गरजच वाटली नसेल. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हा कोण. त्याची बायको, त्याचे भाऊ, त्याचे बैल, सगळं ठाऊक होतं. पुढे ओळखणारी माणसं गेली आणि चित्र तेवढं राहिलं. आता तो कुणाचा कोण ते गावाला माहीत नाही. तरी दिवाळीत गाव त्याच्यापुढे पणती ठेवतं.

चावडीतला आकडा

दुपारी मामाआजोबा, म्हणजे आजीचे धाकटे भाऊ, मुलांना म्हणाले, "चला, तुमाला आपल्या आजाचा दगूड दावतो."

गावच्या जुन्या चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. इंग्रजीत दोनच ओळी. मुलीनं वाचून अर्थ सांगितला. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले आणि त्यांपैकी आठांनी आपले प्राण दिले. बस. एवढंच.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं हिंदुस्थानातल्या गावोगावी अशा पाट्या बसवल्या. ज्या गावांतून शिपाई गेले होते त्या गावांत. सातारा जिल्ह्यात तर सैन्यात जायची रीत जुनीच. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचं तर नावच 'अपशिंगे मिलिटरी' असं पडलं आहे. त्या एका गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, असं तिथली आठवण सांगते.

त्या युद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसं गेली होती. कुणी फ्रान्सला, कुणी आफ्रिकेत, कुणी इजिप्तला आणि खूपजण मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकमध्ये. मराठा पलटणी तिथेच होत्या. पुण्याच्या नावानं ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठानं बगदादकडे निघाली होती. पण तिला माघार घ्यावी लागली आणि १९१५ च्या डिसेंबरात कूत या गावात तुर्कांनी तिला वेढा घातला. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. अन्न संपलं. घोडे मारून खायची वेळ आली. आपले कित्येक शिपाई ते मांस खाईनात, धर्म आडवा येत होता. आजारानं आणि भुकेनं माणसं मरू लागली. शेवटी २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार सैनिकांनी शरणागती पत्करली. कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं. त्यांतले हजारो कैदेतच मरण पावले.

आजीचे आजोबा त्याच मुलखात गेले ते परत आलेच नाहीत. घरात त्यांच्याविषयी एकच वाक्य बोललं जायचं, "आजा बसऱ्याला गेला." बसरा म्हणजे इराकमधलं बंदर, आपले शिपाई तिथेच उतरत. मागे घरी बायको आणि दोन वर्षांचा मुलगा. तो मुलगा म्हणजे आजीचे वडील. त्यांना बापाचा चेहरा आठवत नव्हता, आणि घरात फोटोही नव्हता.

"मामाआजोबा, यावर त्यांचं नाव कुठंय?" मुलानं पाटीवर बोट फिरवत विचारलं.

"नाव न्हाई लेकरा. नुसता आकडा हाय."

"म्हणजे या आठांतले एक आपले?"

"व्हय. आठांतले येक आपले."

मुलगा बराच वेळ त्या आठाच्या आकड्याकडे पाहत उभा होता.

मुलांनो, ही गोष्ट आमच्या गावापुरती नाही. इराकमध्ये बसऱ्याला त्या मोहिमेतल्या मृतांचं एक प्रचंड स्मारक आहे. ४० हजारांहून अधिक सैनिकांच्या आठवणीसाठी उभारलेलं. त्यावर इंग्रज शिपायांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. पण साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीप्रमाणे नुसता आकडा दिला. फ्रान्समध्ये नव शापेलच्या स्मारकावर ४७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावं एकेक करून कोरलेली आहेत. म्हणजे नावं कोरणं अशक्य नव्हतं. बसऱ्यात ती कोरली नाहीत इतकंच. ही स्मारकं सांभाळणारी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन नावाची संस्था आहे. तिनं २०२१ साली एक अहवाल काढला आणि अशी वागणूक दिल्याबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना!

पानिपतावर

दिल्लीला उतरलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच पानिपत गाठलं. दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटर. पानिपत म्हटलं की आपल्याला एकच लढाई आठवते, पण तिथे तीन मोठ्या लढाया झाल्या. १५२६ मध्ये बाबरानं इब्राहिम लोदीला हरवलं, १५५६ मध्ये अकबराच्या फौजेनं हेमूला हरवलं आणि १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवसांत, अहमदशहा अब्दालीनं मराठ्यांचा पराभव केला. पहिल्या लढाईत पडलेल्या इब्राहिम लोदीची कबर आजही गावात आहे.

तिसऱ्या लढाईची जागा शहराबाहेर आहे. तिला 'काला अंब' म्हणतात. तिथे एक आंब्याचं झाड होतं आणि सांडलेल्या रक्तानं त्याची पानं काळी पडली, अशी दंतकथा तिकडचे लोक सांगतात. झाड केव्हाच वाळून गेलं. आता तिथे विटांचा एक खांब आहे, भोवती बाग आहे. दर वर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातून माणसं तिथे मुद्दाम जातात.

खरं सांगायचं तर मुलांची जरा निराशाच झाली. "एवढंच?" मुलगा म्हणाला. डोळ्यांपुढे शेतं, दूरवर गिरण्यांची धुराडी आणि मध्ये एक खांब. मग मुलांच्या बाबांनी त्यांना बाकावर बसवून ती हकिगत सांगितली. सदाशिवरावभाऊंची छावणी इथे कित्येक आठवडे कशी अडकून पडली होती, दक्षिणेकडची वाट अब्दालीनं अडवल्यामुळे दाणागोटा कसा तुटला, फौजेबरोबर यात्रेकरू आणि बायकामुलंही होती, आणि शेवटी उपाशी माणसं नि उपाशी घोडी घेऊन मराठे मैदानात उतरले. तोफखाना इब्राहिमखान गारद्याचा. तो शेवटपर्यंत मराठ्यांच्या बाजूनं लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. विश्वासराव पडले, भाऊसाहेब पडले. महादजी शिंदे जखमी होऊन निसटले, ते पुढे आयुष्यभर लंगडत चालले. तरुण नाना फडणीसही कसाबसा वाचला. उपाशी, उघडे पळत आलेल्या लोकांना सूरजमल जाटाच्या राज्यात अन्नवस्त्र मिळालं.

"मग इथे नावं का नाहीत?" मुलीचा ठरलेला प्रश्न आलाच.

कोण लिहिणार? सरदारांची नावं बखरींत आणि पत्रांत राहिली. पण शिपाई, मोतद्दार, बैल हाकणारे, स्वयंपाकी, त्यांची यादी कुणी केली नाही. महाराष्ट्रातल्या घराघरांतलं माणूस गेलं आणि त्यांतल्या बहुतेकांचं नाव कुठल्याच दगडावर नाही.

पण एक स्मारक आहे, आणि ते तुमच्या तोंडात आहे! वर्गाचा संघ सपाटून हरला की तुम्ही काय म्हणता? "आमचं पानिपत झालं." कुणावर भरवसा उरला नाही की आजी म्हणते, "विश्वास तर पानिपतात गेला." बसच्या दारात झुंबड उडाली की 'भाऊगर्दी' म्हणतात. ती गर्दी याच भाऊंच्या लढाईतली. भाऊसाहेब जिवंत आहेत असं सांगत पुढे एकजण पुढे आला, त्या तोतयाचं बंड गाजलं. 'तोतया' हा शब्दही आपण त्या आठवणीसकट वापरतो. अडीचशेहून अधिक वर्षं झाली, तरी ती हार मराठी माणूस रोज बोलतो आहे. तेव्हा हे शब्द वापराल तेव्हा एकदा तरी त्या उपाशी फौजेची आठवण काढा.

सोनेरी अक्षरं

तिसऱ्या दिवशी इंडिया गेट. लुटेन्स नावाच्या वास्तुशिल्पकारानं त्याचा आराखडा केला, १९२१ मध्ये पायाभरणी झाली आणि १९३१ मध्ये ते पुरं झालं. उंची ४२ मीटर. हं, आता उंची सांगायला हरकत नाही! पहिल्या महायुद्धात पडलेल्या सुमारे ७० हजार हिंदी सैनिकांचं हे स्मारक. त्याच्या दगडांवर १३ हजारांहून अधिक नावं कोरलेली आहेत, पण ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. म्हणजे बसऱ्याला गेलेले आमचे आजोबा इथेही नावानं नाहीत. आजीला हे आम्ही आधीच सांगितलं होतं. तरी ती डोळ्यांवर हाताची सावली करून बराच वेळ वर पाहत राहिली. एवढ्या उंचावरची अक्षरं तरुण डोळ्यांनाही लागत नाहीत.

१९७१ च्या युद्धानंतर या कमानीखाली उलटी बंदूक, तिच्यावर शिरस्त्राण आणि शेजारी अखंड ज्योत, असं 'अमर जवान ज्योती'चं स्मारक झालं. २६ जानेवारी १९७२ पासून ती ज्योत पन्नास वर्षं तिथे तेवत होती. जानेवारी २०२२ मध्ये ती शेजारच्या नव्या राष्ट्रीय युद्धस्मारकातल्या ज्योतीत मिळवली.

हे नवं स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं. तुम्ही दिल्लीला गेलात तर तिथे निदान दोन तास ठेवा. स्वातंत्र्यानंतरच्या लढायांत आणि मोहिमांत कामी आलेल्यांचं हे स्मारक. एकात एक अशी चार वर्तुळं आहेत, महाभारतातल्या चक्रव्यूहासारखी. बाहेरचं रक्षक चक्र झाडांचं. मग त्याग चक्र, त्याच्या आतलं वीरता चक्र आणि अगदी मध्ये अमर चक्र. तिथे उंच स्तंभ आणि अखंड ज्योत.

आम्ही सगळ्यात जास्त रेंगाळलो ते त्याग चक्रात. तिथे गोल फिरत जाणाऱ्या भिंती आहेत आणि भिंतींत ग्रॅनाइटच्या विटा. एका विटेवर एक सैनिक. नाव, हुद्दा, पलटण, सोनेरी अक्षरांत. उद्घाटनाच्या वेळी अशी जवळजवळ २६ हजार नावं होती आणि त्यांत भर पडतच असते. इथे शिपाई आणि कर्नल यांच्या विटा सारख्याच. कुणाची मोठी नाही, कुणाची लहान नाही. आणि नावं इतकी जवळ की हात लावता येईल.

आजी भिंतीशी थांबली आणि नातवाला म्हणाली, "मराठा पलटणीची बघ रे."

त्याला ती सापडली. आजी म्हणाली, "आता मोठ्यानं वाच. मनात नको."

पहिली दोन नावं त्यानं लाजत लाजत वाचली. मग आवाज सुटला. आडनावं अगदी आपल्या हजेरीपटावरची! जाधव, पाटील, शिंदे, मोरे, कदम. एका आडनावापाशी तो थबकला. "हे आमच्या वर्गातल्या एकाचं आडनाव आहे," तो म्हणाला आणि पुढचं नाव जरा हळू वाचलं. शेजारी एक सरदारजी कुटुंब उभं होतं. त्यांची लहान मुलगी आमच्याकडे पाहत होती. थोड्या वेळानं तिनंही आपल्या भाषेच्या वळणानं शीख रेजिमेंटची नावं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

जवळच परमवीरचक्र मिळालेल्या २१ वीरांचे अर्धपुतळे आहेत. त्यांत आपल्या ओळखीचे दोघं भेटले. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे. १९४८ मध्ये राजौरीच्या वाटेवर सुरुंग पेरलेले होते. राणे रणगाड्याच्या खाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत गेले आणि दोरी ओढून चालकाला थांब, चल अशा खुणा करत राहिले. परमवीरचक्र त्यांना जिवंतपणी मिळालं. दुसरे मुंबईत जन्मलेले, पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर. १९६५ च्या युद्धात जखमी होऊनही ते रणगाड्यातून मागे फिरले नाहीत, आणि १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आलं.

संध्याकाळी तिथे रोज एक छोटा समारंभ होतो. कामी आलेल्या एखाद्या सैनिकाच्या घरचं माणूस येतं आणि पुष्पचक्र वाहतं. त्या दिवशी एक प्रौढ बाई होत्या. साधी सुती साडी, पायांत चपला. दोन जवान त्यांच्या दोन्ही बाजूंनी चालत होते. बिगुल वाजला. त्यांनी पुष्पचक्र ठेवलं, पदर सावरला आणि मागे वळल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलांच्या चेहऱ्यांवर जे दिसलं ते मला इथे लिहिता येणार नाही, तुम्ही जाऊनच पाहा.

घरी आल्यावर

सहल संपली असं आम्हाला वाटलं. मुलांना तसं वाटलं नाही. मी मघाशी सांगितलं त्या संस्थेकडे बसऱ्याच्या स्मारकाच्या नोंदी आहेत. दगडावर नावं कोरली नाहीत, तरी कागदावर ती टिपून ठेवलेली होती. आता ती यादी संगणकावर कुणालाही शोधता येते.

मुलीनं आजीला बसवून तिच्या आजोबांचं संपूर्ण नाव वडिलांच्या नावासकट वहीत लिहून घेतलं. मग दोघं भावंडं कामाला लागली. काम सोपं नव्हतं. मराठी नावं इंग्रजीत जशी ऐकू आली तशी लिहिलेली, त्यामुळे एकाच आडनावाची तीन-तीन रूपं! चार संध्याकाळी गेल्या. पाचव्या दिवशी त्यांना ते नाव सापडलं. पण एकदा नाही, तीनदा! तिघं शिपाई, तिघं मराठा पलटणींतले, तिघांचं नाव आणि आडनाव तेच.

पहिल्यापुढे गावाचं नाव होतं, ते आमचं नव्हतं. दुसऱ्यापुढेही दुसरंच गाव. तिसऱ्यापुढे गाव नव्हतं. फक्त पलटण, शिपाई क्रमांक आणि १९१६ मधली एक तारीख.

"हेच ते!" मुलगा ओरडला.

"कशावरून?" त्याची ताई म्हणाली. "गाव लिहिलेलं नाही, वडिलांचं नावही नाही. असतीलही, नसतीलही." आणि खरं होतं ते.

आजी गप्प होती. तिच्या माहेरी आजोबांची तिथी कुणालाच माहीत नव्हती. ज्यांची तिथी ठाऊक नसते त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या असते. आधी तिचे वडील आणि आता भाऊ, दर वर्षी त्या दिवशी त्यांच्या नावानं पान वाढतात. आता शंभर वर्षांनी पहिल्यांदा एक तारीख हाती आली होती. मुलीनं विचारलं, "आजी, आता तिथी काढायची का? जुन्या पंचांगात मिळेल."

आजीनं थोडा विचार केला आणि भावाला फोन लावला. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "पान सर्वपित्रीलाच राहू दे हो. आपले कोणते ते नक्की कळत नाही ना? मग तिघांनाही पोचेल."

मुलांनो, तुमच्या गावात वीरगळ असेल तर तो शोधा. कित्येक ठिकाणी ते पायरी म्हणून बसवलेले असतात, कुठे त्यांवर धुणं धुतात. मोठ्या माणसांना सांगून तो बाजूला नीट उभा करवून घ्या. त्यावर ऑइलपेंट मात्र लावू नका, कोरीवकाम बुजून जातं. चावडीत, जुन्या शाळेच्या भिंतीत किंवा देवळात महायुद्धाची पाटी आहे का पाहा, आणि असली तर तिच्यावरचा मजकूर उतरवून घ्या. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, आपल्यातलं कुणी लढाईवर गेलं होतं का? हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. दगड थांबतात, पण सांगणारी माणसं थांबत नाहीत.

आणि स्मारकापाशी गेलात तर एक तरी नाव पूर्ण आणि मोठ्यानं वाचा. तुमचा आवाज फुटला किंवा उच्चार चुकला, तरी कुणी हसणार नाही.

पुढच्या सहलीला निघाल तेव्हा खाऊचा डबा, टोपी आणि पाण्याची बाटली तुम्ही भरालच. त्यांच्याबरोबर पिशवीत एक छोटी वही आणि पेन्सिल टाकायला विसरू नका.